लहान हाताचा पट्टा

मित्रांनो, रक्तदाब मोजताना डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, तो तुम्ही पाहिला असेल. मी तसाच एक जुना पट्टा आहे, पण लहान मुलांच्या हाताचा. माझी निळाई आता विटली आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, किती हात भेटतील! पण दवाखान्यात मोठ्या पट्ट्याला दिवसभर उसंत नसे आणि मी खणात कापसाशेजारी पडून असे. "पोरांना कसलं आलंय बीपी?" असं जो तो म्हणे. खण बंद झाला की नुसता अंधार.

एकदा सर्दी झाली म्हणून छबीला तिचे बाबा घेऊन आले. गोबऱ्या गालांची, बडबडी पोर. डॉक्टरबाईंनी मला तिच्या दंडाला बांधलं. आकडा जास्त आला. थोडं थांबून त्यांनी पुन्हा मोजलं. तरी तेच.

"पुढच्या आठवड्यात परत आणा हिला," बाई म्हणाल्या.

बाबा हसले. "अहो, वाढतं वय आहे. मोठी झाली की जाईल आपोआप."

"जाईलच असं नाही. लहानपणी आलेलं पुष्कळदा मुक्कामच ठोकतं."

मी वाट पाहिली. ती आली नाही.

आली ती काही वर्षांनी, बाबांच्या खांद्याला लागलेली. जिना चढून धापा टाकत होती. बाईंनी मला उचललं, पण माझी टोकं तिच्या दंडावर जुळेनात. तोकडा पट्टा खोटा आकडा सांगतो, म्हणून त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि मोठा बांधला. आकडा चढाच होता. रक्ताच्या तपासणीत साखरही वाढलेली निघाली.

छबीने विचारलं, "बाबा, म्हणजे हे तेव्हापासून माझ्यात होतं?"

बाबा म्हणाले, "हो गं. मीच मनावर घेतलं नाही."

"अजून हातात आहे," बाई म्हणाल्या. "पण आता रोज चालायचं, खाणं बदलायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी. एकट्या पोरीच्या माथी मारू नका."

त्यानंतर बापलेक ठरल्या वेळी येऊ लागले, तेही चालत. आकडा हळूहळू उतरतोय, पूर्ण उतरलेला नाही. हे मी खणातूनच ऐकतो. माझ्या वाट्याला तिचा हात आता येणार नाही.

मित्रांनो, हात लहान असतो तो थोडेच दिवस. दवाखान्यात गेलात तर आपणहून म्हणा, "माझंही मोजा ना." मी जरासा आवळतो, पण लगेच सोडतो.