तुळस कुठल्या बाजूला होती

"पुरुष पुढे, बायापोरं मागे! पडद्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

मंडळाच्या दगडूकाकांचा हा आवाज शीलाच्या कानांत अजून होता. नौपाड्यातल्या त्यांच्या गल्लीत दर दिवाळीला दोन इमारतींमध्ये पांढरं कापड ताणून मंडळ एकच सिनेमा दाखवायचं, 'पाडव्याचा पाहुणा'. जागा अपुरी, म्हणून माणसं कापडाच्या दोन्ही अंगांना बसत. मागून सगळं उलटं दिसे, नावंसुद्धा. पोरींना त्याचं काही नसे. दारापाशी तुळस, तुळशीपाशी पणती, पणतीपाशी वाट बघणारी नायिका. एवढं दिसलं की झालं.

सोळा वर्षांनी, शहाण्णव साली, त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. तोवर शीला लग्न होऊन डोंबिवलीला आली होती. नवरा उत्तम त्याच गल्लीतला. बघण्याच्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, "आईला पसंत आहे. माझं काही म्हणणं नाही."

आठ वर्षं झाली, ते वाक्य तिच्या मनातून गेलं नव्हतं. "पण तुमची पसंती होती की नव्हती?" असं तिने दोनतीनदा विचारलं. "आता काय त्याचं!" म्हणत तो पेपर उघडायचा.

रविवारी दुपारी दोघं थिएटरात गेली. पाहुणा आता टकला झाला होता.

"किती सुटलाय हो!"

"तू सिनेमा बघ ना."

मग पहिल्या भागातलं जुनं दृश्य आलं. दार, त्याच्या डावीकडे तुळस, पणती.

"अहो, तुळस उजवीकडे होती ना?"

"उजवीकडेच. आणि पणती ती डाव्या हाताने लावायची. ह्यांनी सगळं फिरवलंय."

"ओ भाऊ, घरी जाऊन बोला," मागून कुणीतरी म्हणालं.

मध्यंतरात उत्तम दोन बटाटेवडे घेऊन आला. शीला स्वतःशीच हसत होती.

"फिरवलं काही नाहीये. मी मागे बसायचे ना, मला उलटं दिसायचं."

असं म्हणाली आणि वडा हातातच राहिला.

"तुम्ही तर पुढे असायचात. सिनेमाच्या मशीनपाशी."

"हो, मग?"

"पुढून तुळस डावीकडे दिसते."

उत्तम कागदावरची चटणी बोटाने गोळा करत राहिला.

"मागे तर नुसत्या बायका असायच्या," ती म्हणाली.

"असेल एखादा उभा."

"कुठे?"

"गिरणीच्या पायरीवर."

पडद्यामागच्या पिठाच्या गिरणीच्या त्या पायरीसमोरच तिच्या आईची सतरंजी पडायची. दर वर्षी तिथेच.

घंटा झाली. माणसं आत गेली. शीला हलली नाही.

"सुरू झाला गं."

"होऊ दे."

आतून गाण्याचे सूर येऊ लागले. उत्तमने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दगडूकाका म्हणायचे, बायकांत काय उभा राहतोस रे, बांगड्या भरू का? चार दिवाळ्या ऐकून घेतलं." त्याने कागद चुरगळला. "आईला तुझं नाव मीच सांगितलेलं, शीला."