प्रार्थनेतली तीन नावं

जर्मनीची बाई येणार म्हणून पुष्पाबाईनं थोरल्या लेकीला, साक्षीला, अंकुशनगरहून दोन दिवस आधीच बोलावून घेतलं. "घर सारवायचंय, सैपाकाचं बघायचंय. माझ्या एकटीच्यानं होत न्हाई," असं ती फोनवर म्हणाली. साक्षीचा नवरा साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा. उसाचा हंगाम ऐन भरात होता, घर सोडणं अवघड होतं. तरी चार वर्षांच्या लेकीला, अंतराला, कडेवर घेऊन ती वडीगोद्रीला आली. या खेपेला तिच्या मनात काहीतरी होतं, पण तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

बाईचं नाव हेल्गा. मिशनच्या केंद्रामार्फत तिनं साक्षीच्या धाकट्या बहिणीला, अर्पिताला, पहिलीपासून थेट नर्स होईपर्यंत शिकवलं होतं. अर्पिताची कावीळ विकोपाला गेली तेव्हा दवाखान्याचा सगळा खर्च केंद्रानंच उचलला. एका नाताळाला दोन शेळ्या आल्या, एकदा घरावर नवे पत्रे आले. कडूबाचं, म्हणजे साक्षीच्या वडिलांचं, घर त्या बाईनं उभं केलं, असं गाव अजूनही म्हणायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

खोटं होतं ते वेगळंच. केंद्राची एक अट होती: ज्या घरातलं पोर घ्यायचं, त्या घरातली सगळी पोरं शाळेत जात असली पाहिजेत. पोरींना कामाला जुंपू नये म्हणूनच ती घातलेली. पण साक्षीची शाळा सातवीलाच सुटली होती, ती आईबरोबर कापूस वेचायला जायची. केंद्राची ताई घरी चौकशीला आली तेव्हा पुष्पाबाईनं सांगून टाकलं, "एकच लेक हाय मला." साक्षी कुडाच्या आड उभी राहून ऐकत होती. पुढं केंद्राची जीप आली की ती आपण होऊनच उठायची आणि शेजारच्या नंदाबाईकडे जाऊन बसायची. कुणाला सांगावं लागत नसे.

आता अर्पिता कमावती झाली होती. आता काय लपवायचं राहिलंय, असं साक्षीला वाटत होतं. त्या दिवशी तिनं लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं आणि नंदाबाईकडे गेली नाही.

हेल्गाबाई चांगलीच म्हातारी निघाली. कुणी न सांगता तिनं उंबऱ्याबाहेर बूट काढले. अर्पिताला पोटाशी धरून ती कितीतरी वेळ रडली. मग पिशवीतून फोटोंचा अल्बम काढला. दर वर्षीची अर्पिता त्यात होती. एका फोटोत तिच्याजवळ शेळी उभी होती आणि शेळीचं दावं फोटोबाहेर गेलं होतं. दाव्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं, ते साक्षीला आठवत होतं. नाताळाचा फोटो काढायला जीप अचानक आली होती, आणि शेळी काही केल्या थांबत नव्हती.

केंद्राचे कल्याण सर बाईचं बोलणं मराठीत सांगत होते. "बाई म्हणतात, मी रोज झोपताना प्रार्थना करते. कडूबा, पुष्पाबाई, अर्पिता. तिन्ही नावं घेतल्याशिवाय मला झोप येत नाही."

पुष्पाबाईनं हात जोडले. कडूबा खाली बघत राहिला.

साक्षी चहा घेऊन पुढं आली. बाईनं तिच्याकडे बघून हसत अर्पिताला काहीतरी विचारलं. अर्पितानं आईकडे पाहिलं, कल्याण सरांकडे पाहिलं आणि ती इंग्रजीत दोनच शब्द बोलली. बाईनं साक्षीचा हात दोन्ही हातांत घेतला.

कल्याण सर म्हणाले, "बाई म्हणतात, असे शेजारी मिळायला भाग्य लागतं."

साक्षीनं हात सोडवला नाही. ती सरांना सावकाश म्हणाली, "त्यांना सांगा, मी शेजारची न्हाई. मी पुष्पाबाईची थोरली लेक हाय."

कल्याण सरांनी घसा साफ केला आणि बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. बाईचा चेहरा फुलला. तिनं साक्षीच्या गालावरून हात फिरवला, अंतराच्या हातात चॉकलेट दिलं. सरांनी आपलं म्हणणं सांगितलंच नाही, हे साक्षीला त्या हसण्यावरूनच कळलं.

जीप गेल्यावर अर्पिता स्वयंपाकघरात आली. "ताई, गावातली अजून तीन पोरं घ्यायला ती तयार झालीय. सरांनी मला आधीच बजावलं होतं. इतकी वर्षं फसवलं, असं तिला वाटलं असतं, तर त्या पोरांचं काय?"

"मंग पोरांसाठी केलंस म्हण."

"खरंच त्यांच्यासाठी केलं."

"आन् तुझ्यासाठी न्हाई?"

पुष्पाबाई दारातून म्हणाली, "तुला काय कमी पडलं गं? त्याच पत्र्याखाली तू बी निजली ना? शेळीचं दूध तू बी प्यालीस."

"प्याले," साक्षी म्हणाली. "बराबर हाय तुझं." आणि ती अंतराचे कपडे पिशवीत भरायला लागली. वडील सोडायला येतो म्हणाले, तर तिनं नको म्हटलं.

ती तिन्ही पोरं केंद्रात लागली. त्यातलं एक नंदाबाईचं नातवंड होतं. ऐकून साक्षीला बरं वाटलं, अगदी मनापासून. पण माहेरी ती गेली नाही. संक्रांत गेली, आईचे फोन आले. ती नवऱ्याच्या कामाचं निमित्त सांगत राहिली.

हंगाम संपता संपता एका रविवारी अर्पिताच अंकुशनगरला आली. येताना अंतराला फ्रॉक आणला. बराच वेळ दवाखान्यातल्या ड्यूटीचं बोलली.

साक्षीनं विचारलं, "त्या बाईला सांगितलंस?"

"सांगणार होते. सर म्हणाले, या वयात कशाला दुखवायचं तिला."

"म्हंजी न्हाई."

"न्हाई."

साक्षीनं चहा ठेवला, आलं घातलं, गाळला. दोघी प्यायल्या. अर्पिता कप घेऊन मोरीकडे निघाली, तसा साक्षीनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "पाहुण्यांनी कप धुवायचे नसतात."