चार बोटांची चूक

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, जमीन मोजणारा. चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली तीस मीटरची कापडी फीत, एवढाच माझा देह. मित्रांनो, आपल्या कामाबद्दल बोलताना इतरांची छाती फुगते. माझी मान खाली जाते. का, ते सांगतो.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी पोलादी पट्टीशी तंतोतंत जुळत होतो. रस्ते खात्यातल्या एका मोजणीदाराच्या हाती आलो. पूल मोजले, शाळांची मैदाने मोजली. "माझ्या टेपचा शब्द म्हणजे शेवटचा," असे तो चारचौघांत सांगे आणि मी फुशारून जाई. पण भिजलो तरी तो मला तसाच गुंडाळी, खिळ्याला अडकवून जोराने ओढी. वर्षातून एकदा मला तपासायचे असते, तेही राहून गेले. हळूहळू मी ताणलो. माझा प्रत्येक मीटर खऱ्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढा लांब झाला आणि मी अंतर कमी दाखवू लागलो. मला ते जाणवत होते. पण कौतुकाची चटक वाईट.

एका गल्लीचा रस्ता रुंद व्हायचा होता. मधल्या रेषेपासून पंधरा मीटरच्या आत येईल ते पाडायचे, असा हुकूम होता. गल्लीत प्रार्थनेच्या तीन जागा होत्या. चादर घातलेली एक कबर आणि भिंतीतला एक क्रूस, हे दोन्ही बरेच मागे होते. तिसरी दगडी देवळी, आत वीतभर मूर्ती आणि दिवा. ती अगदी पंधरा मीटरच्या हद्दीवर होती.

समोर राहणारी शिवणवाली मावशी दिव्यात तेल घालत होती.

"ही तुमची का?" मोजणीदाराने विचारले.

"माझी प्रार्थना तिकडे, क्रुसापाशी. ही माझ्या शेजारणीची. ती अंथरुणाला खिळली आहे. नजर अधू, ऐकूही कमी येतं. खिडकीतून हा दिवा तेवढा दिसतो तिला. तेल कबरीवरचे चाचा देतात."

त्याने मला ताणले. चार बोटे आत, असे मी दाखवले.

दुसऱ्या दिवशी मावशी आपला शिवणाचा टेप घेऊन आली. "दहादा लावून मोजलं, साहेब. देवळी पंधरा मीटरच्या बाहेर जाते."

"मावशी, त्यानं झंपर मोजा. हा सरकारी टेप आहे."

सगळे हसले. मी खिळ्याला ताठ लटकलो होतो. देवळी पाडली गेली, मूर्ती चिठ्ठी बांधून गोदामात गेली.

चाळीस दिवसांनी खात्यात नवा पोलादी टेप आला. पदपथाची कड आखताना मोजणीदाराने सहज देवळीच्या उरलेल्या पायाचे माप घेतले. देवळी पंधरा मीटरच्या बाहेर होती. त्याने पुन्हा मोजले. मग मला शेजारी पसरले, आणि मी किती लांबलो आहे ते सगळ्या मजुरांसमोर उघडे पडले. तो खाली दगडावर बसला.

तसाच उठून तो मावशीकडे गेला. मी त्याच्या खिशात होतो. "चूक माझी झाली. टेप मी तपासलाच नव्हता."

मावशीने मशीन थांबवले. "मला नका सांगू. शेजारी जाऊन तिला सांगा. माझा धीर झाला नाही."

शेजारीण खिडकीकडे तोंड करून पडली होती. त्याने तिच्या कानाशी वाकून सगळे सांगितले.

"म्हणजे दिवा नव्हताच," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी उरलीसुरली नजर गेली. मी कुणाला बोलले नाही."

मोजणीदाराला वर बघवेना. मित्रांनो, मला डबीही पुरेना लपायला. मी आयुष्यभर जागा मोजल्या, पण त्या जागेत कुणाचा जीव गुंतला आहे, हे एकदाही मोजले नव्हते.

त्याने वरिष्ठांना चूक लिहून दिली, मूर्ती सोडवून आणली. देवळी पुन्हा उभी राहिली. पण मधल्या चाळीस संध्याकाळी त्या बाईने आपली नजर गेली असे समजून काढल्या. त्या आम्हाला परत देता येत नाहीत.

आता मी कपाटाच्या तळाशी पडून आहे. तेच बरे. तुमच्या हाती एखादे साधन असेल, तर ते ओले गुंडाळू नका, वेळच्या वेळी तपासा. आणि कुणी आपला लहानसा टेप घेऊन दाराशी आले, तर हसू नका. उठा, आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजा.