शहाणं लेकरू

भागीरथाबाईंना लेकरं फार आवडत, पण झोपलेली. जागं लेकरू म्हणजे तक्रार, आणि महाल वस्तीतल्या त्यांच्या घरात तक्रार करायचा हक्क फक्त त्यांचा होता. मोठ्या सुनेला, वंदनाला, हे सात वर्षांपूर्वीच कळून चुकलं होतं. तिचा रोहित रात्रभर रडायचा. सासूने त्याचं नाव भोंगा ठेवलं, हिच्या अंगावर दूधच नाही असं गल्लीभर सांगितलं आणि आपली उशी उचलून खालच्या खोलीत झोपायला गेल्या. वंदना त्याला घेऊन गच्चीवर येरझारा घालायची, रडला की पाजायची, पुन्हा फिरायची. पोरगा चांगला गुटगुटीत झाला, पण त्याचं श्रेय तिला कोणी दिलं नाही. भोंगा हे नाव मात्र टिकलं. अजूनही पाहुणे आले की सासूबाई ती गोष्ट रंगवून सांगत आणि वंदना चहा गाळता गाळता ऐकून घेई.

धाकटी सून पिंकी कामठीची. धाकट्या मुलाने, ऋषिकेशने, तिच्याशी कोर्टात लग्न केलं, म्हणून भागीरथाबाई दोन वर्षं तिचं नावच घेत नव्हत्या. तिले सांग, तिले विचार, असं चालायचं. पिंकीची आई वारलेली, त्यामुळे बाळंतपणाला माहेर नव्हतं. ऐन जूनच्या उकाड्यात तिला मुलगी झाली. मुलगी झाली म्हणून कोणी तोंड वाकडं केलं नाही, हे त्या घराच्या बाजूने सांगायला हवं. तोंड वाकडं करायला त्यांना दुसरी कारणं पुरत होती.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर मॅडमने पिंकीला नीट बजावलं होतं. बाळ जरा लहान आहे, झोपाळू आहे. रात्रीसुद्धा दोन-तीन तासांनी उठवून पाजायचं. तळपायाला टिचक्या मारा, ओला रुमाल लावा, पण पाजा. पिंकीने मान हलवली आणि घरी आल्याबरोबर मोबाइलवर गजर लावले.

पहिल्याच रात्री गजर वाजला तेव्हा शेजारच्या पलंगावरून भागीरथाबाई उठून बसल्या.

"काहून उठवून राहिली वं तिले? झोपलेल्या लेकराले उठवू नये. भूक लागली की ते सोताहून रडते."

मॅडमने सांगितलं आहे, असं पिंकी चाचरत म्हणाली. मॅडम येणार आहे का इथं जागायला, असं सासूबाईंनी विचारलं, मोबाइल बंद करून आपल्या उशीखाली सरकवला आणि कुलरकडे तोंड करून झोपल्या. पोरही झोपली होती. पिंकीने तिच्या गालाला एकदा बोट लावलं आणि मग तीही आडवी झाली.

सकाळी भागीरथाबाईंनी बैठकीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पिंकीचं लेकरू लाखात एक आहे, रात्रभर हूं नाही की चूं नाही. पिंकीचं! दोन वर्षांत पहिल्यांदा सासूच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं. पिंकी आतल्या खोलीत बसून ते ऐकत होती आणि तिला रडू आलं. तिला दोष द्यायचा तर खुशाल द्या, पण दोन वर्षं "ती" म्हणून राहून पाहा आणि मग द्या. त्या दिवसापासून पोरीची झोप म्हणजे पिंकीची अब्रू झाली. पोर जितकी झोपेल तितका आईचा मान वाढत होता. दूध साचून छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा, मग ती न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि वरून तांब्याभर पाणी ओतायची. दिवसातून एक-दोनदा तिने पोरीला छातीशी लावलं. पोरीने चार घोट ओढले आणि डोळे मिटले. पोट भरलं असेल, असं पिंकीने स्वतःला समजावलं.

वंदनाला पोरीचा रंग बरा दिसेना. तोंड पिवळं, मग छाती पिवळी. ती दबकत सासूला म्हणाली, तर सासू हसल्या. रोज आंघोळीला त्या दुधात कालवलेलं बेसन-हळद पोरीच्या अंगाला चोळत होत्या. हळदीचा रंग चढतो आहे, कांती उजळते आहे, एवढंही समजत नाही का, असं त्या म्हणाल्या. आंघोळीच्या वेळी पोर रडत नव्हती, याचंही त्यांना कौतुकच होतं. तांब्यातलं पाणी अंगावर पडलं तरी ती मान एका बाजूला टाकून गपगार पडून राहायची.

पाचवी आली. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि पेन ठेवायचा, आणि घराने जागायचं. भागीरथाबाईंनी सगळं दणक्यात केलं. गल्लीतल्या बाया जमल्या, गाणी झाली, फुटाणे-गूळ वाटले गेले. जागायच्या रात्री सगळं घर टक्क जागं होतं. ज्या एका जिवाला उठवायची गरज होती, ती तेवढी मधोमध झोपली होती आणि बाया वाकून वाकून तिचं कौतुक करत होत्या. एवढ्या गोंगाटात झोपते, किती शहाणं लेकरू, असं समोरच्या कौसल्याबाई म्हणाल्या.

वंदना फुटाण्याचं ताट घेऊन उभी होती. पोरीच्या पापण्या जरा उघडल्या आणि आतला पांढरा भाग तिला दिसला. तो पांढरा नव्हता. अंगाला हळद लावता येते, डोळ्यांत कोणी लावत नाही. तिने ताट खाली ठेवलं.

"पिंकी, उठव तिले. डोळे पाहा तिचे, पिवळेजर्द दिसून राहिले. उठव अन् पाज, नाही तं आत्ताच दवाखान्यात घेऊन चल."

गाणं थांबलं. भागीरथाबाईंनी बायांकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, की भोंग्याच्या आईला शांत लेकरू कसं पाहवणार. बाया हसल्या. तरीही वंदना पिंकीकडेच पाहत राहिली. पिंकी सासूच्या अगदी शेजारी बसली होती, सासूचा हात तिच्या पाठीवर होता. तो हात तिथे यायला दोन वर्षं लागली होती.

"तुमच्या पोरानं तुम्हाले झोपू दिलं नाही, ताई," पिंकी म्हणाली, "म्हणून माझ्या पोरीची झोप डोळ्यात खुपते का?"

यावर बाया जास्तच हसल्या. वंदनाने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. जितेंद्र, तिचा नवरा, तिथे पाणी पीत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चारचौघांत कशाला बोलायचं, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला घेतलं तेव्हा पोर ताठ झाली. पाठ मागे वाकली, मुठी आवळल्या गेल्या आणि ती पहिल्यांदा रडली. असं चिरकं रडणं त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. छातीला लावलं तर ओढेना. ऋषिकेशने ऑटो आणला.

लहान मुलांच्या दवाखान्यात पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, मग तिचं रक्त बदललं. कावीळ फार वर चढली होती. इथेही तीच डॉक्टर मॅडम होती, ती बाहेर आली ती चिडलेलीच. दूध पोटात गेलं नाही म्हणून कावीळ वाढत गेली, असं ती म्हणाली. मी उठवून पाजायला सांगितलं होतं ना? आणि डोळे एवढे पिवळे झाले, ते घरातल्या एकालाही दिसले नाहीत का?

वंदना डबा घेऊन आली होती, ती भिंतीला टेकून उभी होती. भागीरथाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि तिच्याकडे बोट केलं.

"दिसले न मॅडम. हिलेच दिसले. भरल्या पाचवीत टोकलं हिनं माझ्या लेकराले."

टोकणं म्हणजे काय, ते मॅडमला सांगायला कोणी थांबलं नाही. आमच्याकडे लहान लेकराबद्दल कोणी काही बोललं आणि नंतर ते आजारी पडलं, तर बोलणाऱ्याने टोकलं म्हणतात. मग न पाजणारे सुटतात आणि बोलणारा सापडतो. मॅडम कपाळाला हात लावून आत निघून गेली. ऋषिकेशने पिंकीला विचारलं, वहिनी खरंच काही बोलली होती का?

पिंकीला सगळं आठवत होतं. उठव, पाज, दवाखान्यात चल, हे शब्द तसेच्या तसे सांगितले असते तर पुरे होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तू का उठवलं नाहीस. तिने सासूकडे पाहिलं. सासू तिच्याकडेच पाहत होत्या.

"हो," पिंकी म्हणाली. "ताई बोलल्या, त्याच्यानंतरच पोरीनं तोंड मिटलं."

वंदनाने डबा बाकावर ठेवला. तिला राग आला नाही, त्याच्या पलीकडचं काहीतरी आलं आणि ते तिच्यात बसून राहिलं.

पोर वाचली. घरी सोडताना मॅडमने पिंकीला आणि भागीरथाबाईंना समोर बसवून सांगितलं, की अशी कावीळ कधी कधी कानांवर उतरते. थोड्याच दिवसांत कानांची तपासणी करून घ्या, उशीर करू नका. लवकर कळलं तर पुष्कळ काही करता येतं. वंदना पिशव्या घेऊन दारात उभी होती, तिने तेही ऐकलं. ऑटोत बसल्यावर भागीरथाबाई म्हणाल्या, तिच्या कानाला काय धाड भरली आहे, पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. पिंकीने पोरीचं दुपटं सारखं केलं.

पोरीचं नाव सौम्या ठेवलं. वंदना खोलीत आली की भागीरथाबाई पोरीच्या तोंडावर दुपटं ओढत. दर शनिवारी मिरच्या-मोहरीने दृष्ट काढत, आणि त्या मिरच्या वंदनालाच डब्यातून काढून द्यायला लावत. आल्यागेल्याची, घरच्यादारची, असं म्हणताना त्या घरच्या या शब्दावर थांबून तिच्याकडे पाहत. मिरच्या तव्यावर जळाल्या की ठसका सगळ्यांनाच लागायचा, पण खोकायचं वंदनाने नाही. खोकली तर त्याचाही अर्थ निघायचा.

पावसाळ्यात एका दुपारी पिंकी नहायला गेली होती आणि सासूबाई देवळात. सौम्या चटईवर जागी पडून पंख्याकडे पाहत होती. फळीवरची पितळी परात वंदनाच्या हातून निसटली. केवढा आवाज झाला. वरच्या खोलीतून रोहित धावत आला, न्हाणीतून पिंकी ओरडली. सौम्या पंख्याकडे पाहत होती. वंदनाने परात उचलली, सौम्याच्या डोक्यामागे गेली आणि या वेळी मुद्दाम सोडली. पोरीची पापणीसुद्धा हलली नाही. वंदनाने परात पुन्हा फळीवर ठेवली. मग काय पडलं म्हणून पिंकीने आतून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, काही नाही, परात.

तिने सांगायला हवं होतं. हे तिला कळत होतं, मला कळतं, तुम्हालाही कळतं. एकदा सांगून तिने काय कमावलं, तेही सगळ्यांनी पाहिलं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. काळी आणि पिवळी, दोन अवाढव्य बायांचे पुतळे, गावाची रोगराई घेऊन जा म्हणून वाजतगाजत काढायचे आणि शेवटी जाळून टाकायचे. घर रस्त्यावर असल्याने दरवर्षीसारख्या पाहुण्याबाया गॅलरीत दाटल्या होत्या. खाली ढोल, डीजे, सुतळी बॉम्ब. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, बायांनी कानांत बोटं घातली होती. भागीरथाबाईंनी झोपलेल्या सौम्याला पाळण्यासकट गॅलरीच्या दाराशी ओढून आणलं होतं आणि ज्याला त्याला दाखवत होत्या. पाहा, कूस तरी बदलते का. एवढं शहाणं लेकरू पाहिलं आहे का कुठं?

पिंकी पाळण्याजवळ उभी होती. एक बॉम्ब थेट गॅलरीखाली फुटला. शेजारणीचं बाळ किंचाळून रडायला लागलं. पिंकीने त्या बाळाकडे पाहिलं, मग आपल्या बाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती गर्दीतून वाट काढत स्वयंपाकघरात आली. वंदना भजी तळत होती.

"ताई, तुम्ही एक डाव पाहा न तिले. ती दचकत काहून नाही?"

वंदनाने झारा तेलात तसाच धरला. कामठीची ही पोरगी पहिल्यांदा तिच्याकडे काही मागायला आली होती. सांगण्यासारखं सगळं तिच्याजवळ होतं, परात होती, मॅडमचे शब्द होते.

"मी कशाले पाहू?" ती म्हणाली. "माझी नजर वाईट. झोपू दे तिले. झोपलेल्या लेकराले उठवू नये."

हे बोलून तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पिंकी क्षणभर तिच्याकडे पाहत उभी राहिली, मग तिला मॅडमचे कानांबद्दलचे शब्द आठवले आणि ती धावत परत गेली.

वंदनाने दारातून पाहिलं. पिंकी पाळण्यावर वाकली होती आणि पोरीच्या कानाशी टाळ्या वाजवत होती. एकदा, पुन्हा, आणखी जोरात, तळवे लाल होईस्तोवर. खाली पिवळी मारबत आली होती, ढोल टिपेला पोचला होता. गॅलरीतल्या बायांना वाटलं, पिंकीला ताल चढला. भागीरथाबाई कौतुकाने हसल्या आणि सुनेबरोबर टाळ्या वाजवू लागल्या, मग कौसल्याबाई, मग सगळ्याच. पाळण्यात सौम्या झोपली होती.