एक जण बोलला

बाबांनी आत्याची प्रतिक्रिया पुसली आणि आत्याने अबोला धरला.

बाबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे आणि एक ब्लॉग आहे. कुठलं कुलूप का अडकतं, किल्ली आत तुटली तर काय करू नये, असलं ते त्यावर लिहितात. आत्या त्यांची थोरली बहीण. तिचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्त झाल्यावर सवय कुठे जाणार, म्हणून तिने भावाचा ब्लॉग धरला. प्रत्येक लेखाखाली तिची एक प्रतिक्रिया असायची. लेख कसा झालाय याबद्दल चकार शब्द नाही. ‘दुसऱ्या ओळीत कुलूप ऱ्हस्व पडलंय. दीर्घ हवं.’ संपलं.

ही प्रतिक्रिया एका गिऱ्हाईकाने वाचली आणि भर दुकानात विचारलं, की कुलूप लिहिता येत नाही, मग उघडता तरी येतं का. बाबा हसले. संध्याकाळी त्यांनी कुलूप दीर्घ केलं आणि प्रतिक्रिया पुसून टाकली. सकाळी आत्याने पाहिलं, तर लेखाखालच्या प्रतिक्रियांच्या आकड्यात एकाचं शून्य झालं होतं.

दुकान रस्त्याला लागून, मागच्या खोल्यांत आम्ही आणि वरच्या मजल्यावर आत्या. तेव्हापासून सगळा कारभार माझ्यामार्फत चालला.

“तुझ्या बापाला सांग, जिन्यातला दिवा गेलाय.”

“तुझ्या आत्याला सांग, मला डोळे आहेत.”

मी वर जाऊन सांगायचे, बाबा आज बसवतो म्हणालेत. मग खाली येऊन दिवा मीच बसवायचे. दोन्हीकडचं बोलणं असं गाळून पोचवायचे आणि बोलणी मात्र दोन्हीकडून मलाच बसायची. बरं, पोटासाठीही मी हेच करते. लोकांच्या ब्लॉगची थीम, म्हणजे पानांचा तयार साचा, त्यांना हवी तशी करून देते, आणि त्यातलं अर्धं काम फिल्टर लिहिण्याचं असतं. थीम म्हणते ‘० प्रतिक्रिया’. फिल्टर वाटेत उभा राहून ते ऐकतो आणि वाचणाऱ्यापर्यंत दुसरंच काहीतरी पोचवतो. मला या कामाचं शिक्षण वेगळं घ्यावं लागलं नाही.

एका दुपारी बाबांनी मला गल्ल्यामागे बोलावलं. लॅपटॉप किल्ल्यांच्या खोक्यावर तिरका ठेवलेला होता.

“हे शून्य काढ.”

“संख्या नको का तुम्हाला?”

“शब्द हवेत. माझे.”

मी सांगितलं की तीन जागा असतात. कोणी काही लिहिलं नसेल तेव्हाची, एकच प्रतिक्रिया असेल तेव्हाची आणि जास्त असतील तेव्हाची.

“पहिल्या जागी ‘अबोला’ लिही.”

“बाबा, लोक वाचतात.”

“लोक वाचत असते तर शून्य कशाला दिसलं असतं?”

मी ‘अबोला’ लिहिलं. वाद घालून उपयोग नसतो, हे मला माहीत होतं आणि वाद घालायचा कंटाळाही आला होता.

“जास्त असतील तर?”

“तिथे तुला हवं ते लिही. तितक्या कधी होत नाहीत.” त्यांनी हातातली अर्धवट घासलेली किल्ली उजेडात धरली. “एकाच्या जागी लिही, ‘एक जण बोलला’.”

“आणि बाई असली तर?”

“तर काय?”

“बोलला चूक होईल. ‘एक प्रतिक्रिया’ लिहू, म्हणजे कोणाला काही म्हणायला नको.”

“बोललाच ठेव,” बाबा म्हणाले आणि पुन्हा कानस चालवायला लागले. “अक्षर जरा मोठं कर.”

मी अक्षर मोठं केलं, फिल्टर चढवला आणि पान पुन्हा उघडून पाहिलं. ब्लॉगवरच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या लेखाखाली एकच प्रतिक्रिया होती आणि ती आत्याची होती. आता त्या प्रत्येकीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘एक जण बोलला’ असं आलं होतं. खाली आत्याचं नाव. मी बाबांकडे पाहिलं. बाबा किल्लीकडे पाहत होते.

चहा व्हायच्या आत वर खुर्ची सरकली. मग जिन्यात चपला वाजल्या. आत्या दुकानात आली, चष्मा नाकावर होता आणि ती गल्ल्यासमोर उभी राहिली. बोलली ती माझ्याशी.

“तुझ्या बापाला सांग, मी बाई आहे.”

“तुझ्या आत्याला विचार, काय झालं म्हणून.”

माझं डोकंच फिरलं. “मी काही सांगणार नाही आणि विचारणारही नाही. तुम्हा दोघांमध्ये एका हाताचं अंतर आहे. तुमचं तुम्ही बघा.”

एक गिऱ्हाईक दारात आलं, आमची तोंडं पाहिली आणि परत गेलं. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग ती भावाकडे वळली.

“बोलला नव्हे. बोलली.”

“कोण बोलली?”

“मी.”

“मग बोल की,” बाबा म्हणाले.

आत्या स्टुलावर बसली.

“माझी एक प्रतिक्रिया कुठे गेली?”

“पुसली.”

“का?”

“लाज वाटली.”

“कुलूप दीर्घच असतं.”

“माहीत आहे. मग सुधारलं मी ते.”

“पाहिलंय,” आत्या म्हणाली. “म्हणून तर जास्त राग आला. चूक घेतलीस आणि मला घालवलंस.”

बाबा मला म्हणाले, “माझं ते पुसायचं बटण काढून टाक.” मी तिथेच उभ्याने काढलं. मग त्यांनी लॅपटॉप आत्याकडे फिरवला. तिने तो लेख उघडला. खाली ‘अबोला’ असं दिसत होतं. तिने एकेक अक्षर शोधत पूर्वीचीच प्रतिक्रिया पुन्हा लिहिली, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि पाठवली.

‘एक जण बोलला’, असं आलं.

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. “थांब, आत्या, आधी ते ‘बोलली’ करते.”

आत्याने माझा हात बाजूला केला.

“तू नको हात लावू. त्याच्या चुका मी काढते.”