फूटपाथला लागून

दार वीतभर उघडलं आणि खर्रकन फूटपाथच्या कडेला टेकलं. शिंपीबाबांनी आतून पुन्हा ढकललं. पुन्हा खर्र.

"अहो, परक्याच्या गाडीचा रंग जाईल," फूटपाथवर काठी टेकून उभी असलेली बायको म्हणाली. "जरा लांब उभी करा."

लांब उभी करा! दुसरं काहीही सांगितलं असतं तर त्यांनी मुकाट्यानं ऐकलं असतं. शिंपीबाबा खरे शिंपी नव्हेत. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी त्यांना घाम फुटेल. ते बसचे ड्रायव्हर. पण फूटपाथ आणि बसची पायरी यांच्यात बोटसुद्धा शिरणार नाही अशी बस लावायचे, टाका घातल्यासारखी. म्हणून डेपोनं त्यांना शिंपी करून टाकलं. आपल्या बसमधून उतरणाऱ्या एकाही म्हाताऱ्या माणसाला खाली रस्त्यावर पाय टाकावा लागला नाही, याचा त्यांना निवृत्तीनंतरही कोण अभिमान! आज त्याच सवयीनं घात केला. गॅरेजमधून चालवून बघायला आणलेली ही लांब नाकाची, क्रीम रंगाची, महायुद्धाच्या आधीची मोटार जमिनीला इतकी लगटून होती की तिचं दार फूटपाथवरून फिरेचना.

त्यांनी गाडी लांब घेतली. बायकोनं मधली फट पाहिली, खोल गेलेली सीट पाहिली, आपला न वाकणारा गुडघा पाहिला, आणि ती घरात गेली.

ती त्यांच्याच बसवर कंडक्टर होती. उभं राहून राहून गुडघा गेला. मध्यंतरी जावयानं आपल्या नव्या गाडीत तिला चार लोकांदेखत उचलून बसवलं. बिचाऱ्यानं प्रेमानंच बसवलं. पण त्या दिवसापासून ती दारापुढच्या फूटपाथपलीकडे गेली नव्हती. "जन्मभर मी लोकांना हात देऊन वर घेतलं," ती म्हणाली होती. "मला कुणी पोत्यासारखं कोंबायचं नाही."

"बाबा, पुरे झाली हौस," लेक म्हणाली. "नातीची शाळा, बाजार, आईचा व्यायाम. रोजच्या वापराला पणजोबांच्या काळातली गाडी कुणी घेतं का?"

"तुमच्या नव्या गाड्यांत माणूस बसत नाही गं, पडतो. आणि जुन्या गिअरला क्लच दोनदा दाबावा लागतो, तो माझा पाय झोपेतही दाबतो. विचार तुझ्या आईला."

क्रीम गाडी परत करताना मात्र त्यांचा जीव तुटला. खरं सांगायचं तर ती त्यांनी स्वतःसाठीच निवडली होती, आणि हे त्यांना आता कळत होतं. गॅरेजच्या कोपऱ्यात एक काळी गाडी उभी होती, सरळसोट, उंच.

"ते कपाट?" गॅरेजवाला हसला. "ते पळत नाही, काका. ब्रेक तर आदल्या दिवशीच दाबायला घ्या."

"मला कुठं शर्यत लावायचीय?"

त्यांनी मागचं दार ओढलं. ते उलट्या बाजूनं, पुढून मागे, सताड उघडलं. खाली पाय ठेवायला रुंद फळी. शिंपीबाबा स्टिअरिंगकडे वळलेच नाहीत. एक पाय काठीसारखा ताठ धरून ते फळीवर चढले, पाठ आत करून बसले, मग ताठ पाय आत ओढून घेतला. उतरले. पुन्हा चढले.

"काका, पायाला काय झालं?"

"माझ्या नाही," ते म्हणाले. "हीच द्या."

सकाळी काळी गाडी दारापुढे लागली, फूटपाथला टाका घालून. मागचं दार फूटपाथच्या वरून अलगद फिरलं. शेजारीपाजारी खिडक्यांत गोळा झाले होतेच. फुकटचा तमाशा कोण सोडतो? बायको बाहेर आली. लेक हात द्यायला धावली.

"हात मागे घे," पुढच्या सीटवरून शिंपीबाबा म्हणाले.

बायकोनं फळीकडे पाहिलं. काठी आत टाकली, दाराची कड धरली, चांगला पाय फळीवर ठेवला. क्षणभर ती तिथंच उंच उभी राहिली, सगळ्या गल्लीच्या वर. मग पाठ आत करून बसली आणि ताठ पाय आत ओढून घेतला. कुणाचं बोटही लागलं नाही.

"आत सरका, आत सरका," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दारानं येऊन बसलेली लेक निमूट सरकली.

इंजीन चालू होतं, पण गाडी जागची हलेना.

"बाबा, निघा ना. कशाची वाट बघताय?"

शिंपीबाबा समोर बघत बसून राहिले. उभ्या नोकरीत त्यांनी तिच्या डबल बेलच्या खुणेवाचून बस हलवली नव्हती. मागून काठी उचलल्याचा आवाज आला.

टक, टक. छतावर दोनदा.

त्यांना तिचा चेहरा बघावासा वाटला. पण ड्रायव्हरनं मागे वळून बघायचं नसतं. त्यांनी क्लच दोनदा दाबला, आणि गाडी निघाली.