भिंगरीचा डावा पाय

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, आणि जन्मापासून आजवर दारापर्यंतसुद्धा गेलेली नाही. हसू नका! माझं चाक फिरतं, चांगलं गरागरा फिरतं, पण ते जमिनीला टेकतच नाही. मी व्यायामाची सायकल आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मले तिथेच माझ्या रस्त्यावरच्या बहिणी तयार होत होत्या. त्या एकेक करून घंटी वाजवत बाहेर पडल्या. मला मात्र लोखंडी चौकटीत घट्ट आवळलं आणि टेम्पोत घालून एका कॉलेजात पाठवून दिलं. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

सुरुवातीला काय तो थाट! व्यायामशाळेच्या मधोमध माझी जागा. कॉलेजचे खेळाडू माझ्यावर बसायला भांडायचे. मग पडदेवाली नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे येणारे-जाणारे माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळत घालायचे. चाक असून फिरायचं नाही, ही काय शिक्षा असते ते माझं मलाच ठाऊक.

पण दिवस पालटले. कॉलेजने खेळाडूंसाठी एक वेगळी खोली उघडली. एका भिंतीला उपचाराचा पलंग, बर्फाची पेटी आणि पट्ट्यांचं कपाट. समोरच्या भिंतीला फळा आणि अभ्यासाचं टेबल. सराव आणि वर्ग यांत खेळाडूंचा दिवस संपून जातो, म्हणून दुखणं आणि अभ्यास एकाच छपराखाली आणले. तिथल्या फिजिओताईंना दुखऱ्या पायांसाठी हलकी, साधी सायकल हवी होती. त्यांनी मला पुसलं आणि पलंग आणि फळा यांच्या मधे आणून ठेवलं. मी पुन्हा माणसांत आले.

तिथे मला भिंगरी भेटली. हे नाव तिला तिच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी दिलं होतं. मैदानावर ती पळायला लागली की थांबायचं नावच घेत नसे म्हणे. पण तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. घाई करून तो पुन्हा दुखावला तर पळणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कॉलेजातलं हे तिचं शेवटचं वर्ष, शेवटची मोठी स्पर्धा तोंडावर आलेली. त्यात संख्याशास्त्रात नापास झाली तर संघातूनच बाहेर! पोरगी नुसती धुमसत होती. ती चुळबुळी, मी चुळबुळी. आमचं छान जमलं.

अभ्यासाच्या बाई तिला संख्याशास्त्र शिकवायच्या, तेही ती पायडल मारत असताना. दुसरा वेळच नव्हता ना! बाई फळ्यावर लिहायच्या, भिंगरी पाय चालवत उत्तरं द्यायची.

आता माझी एक खोड सांगते. माझ्या डाव्या पायडलवर जोर पडला की ते "कुंईऽऽ" करायचं. ताई पलंगाजवळ दुसऱ्या कुणाचा घोटा बांधत असल्या आणि तो आवाज बारीक झाला, की मान वर न करताच ओरडायच्या, "भिंगरे, डावा पाय झोपला का गं?" आपण कानांनी राखण करतो आहोत, हे त्यांना स्वतःला तरी कुठे माहीत होतं?

बाई मात्र त्या कुंईऽऽला कंटाळल्या. "शिकवू की हिचं रडणं ऐकू?" असं म्हणत त्यांनी घरून शिलाई मशीनचं तेल आणलं आणि माझ्या पायडलमध्ये सोडलं. ताई तेव्हा मुलांच्या संघाबरोबर बाहेरगावी गेल्या होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "अरे वा, आवाज गेला की! बरं झालं." आणि आपल्या कामाला लागल्या.

मित्रांनो, इथेच सगळा घोळ झाला.

डाव्या पायाला कुणी ओरडेनासं झालं. भिंगरीचा गुडघा दुखत होता आणि आता ते कुणाला कळत नव्हतं. उजवा पाय सगळं चाक ओढायचा. डावा नुसता पायडलच्या पट्ट्यात अडकून फुकटचा प्रवास करायचा. ताई चाकाचा वेग बघायच्या आणि खूश व्हायच्या. सर येऊन पाठ थोपटून जायचे. संध्याकाळी भिंगरी फोनवर आईला सांगायची, "एकदम मस्त आहे गं गुडघा. स्पर्धा बघायला तू रजा टाकच!" फोन ठेवला की ती डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरायची.

मला सगळं कळत होतं हो! दोन्ही पायांचं वजन माझ्याच तर अंगावर. पण बोलू कशी? जीव नुसता तळमळत होता. एवढा आवाज माझा, तोही गेला.

शेवटी ताई म्हणाल्या, "आज जरा जड चाकावर बघते. जमलं की उद्यापासून मैदान." त्यांनी चाक जड केलं आणि बर्फ भरायला वळल्या. सर दारातच उभे होते. बाईंनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला.

"सरासरी म्हणजे... सगळ्या आकड्यांची... बेरीज करून..." भिंगरी दर दोन शब्दांनी अडखळत होती. चाक जड झाल्यामुळे डाव्या पायालाही दाबणं भाग होतं, आणि दाबला की तिचा श्वास अडकत होता.

"काल तर येत होतं तुला," बाई चिडल्या. "उतर खाली. आता सांग."

खाली उतरल्यावर तिने घडाघडा सांगितलं. बाईंनी तिला पुन्हा वर बसवलं. पुन्हा तीच गत. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला.

"ताई, इकडे या," त्या म्हणाल्या. "हिला उत्तर येतंय. वर बसली की तोंडातून शब्द फुटत नाही. हे दुखणं माझ्या खात्यातलं नाही, तुमच्या खात्यातलं आहे."

ताईंनी तिचा उजवा पाय पट्ट्यातून काढला. "आता एकट्या डाव्याने फिरव."

माझं चाक अर्ध्यावरच थांबलं.

"आई रजा टाकून येतेय हो!" भिंगरी ओरडली. "मला पळू द्या. एकदाच!"

सरांनी मान खाली घातली. ताई म्हणाल्या, "नाही बाळा." त्यांनी आपला शब्द बदलला नाही. भिंगरीने त्या दिवशी कुणाशीही बोलणं टाकलं, आणि मला जाता जाता एक लाथही घातली. उजव्या पायाने घातली, म्हणून मी रागावले नाही.

स्पर्धेच्या दिवशी संघ गेला. खोलीत भिंगरी एकटीच माझ्यावर बसली होती, पायडल न मारता. दारात एक बाई आल्या, हातात प्रवासाची पिशवी. तिची आई. रजा टाकली होती, मग आल्याच. सरांनी सगळं कळवलं होतं, म्हणून मैदानावर न जाता सरळ इथे आल्या. त्यांनी स्टूल ओढलं, लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "दुखतंय का गं?"

"मस्त आहे," भिंगरी म्हणाली.

आईने हात उचलला नाही. नुसत्या बसून राहिल्या. मीसुद्धा श्वास रोखून धरला, म्हणजे सायकलला जसा धरता येतो तसा.

मित्रांनो, मी पुढे कधी जाणार नाही, हे मला कळून चुकलंय. पण माझ्यावर बसून बरे झालेले पाय किती दूर जातात! म्हणून एवढंच मागते. आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखा, नाही म्हणत नाही. पण तुमच्यातला कुणी "मस्त आहे" म्हणाला, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जरा बसा. त्या आई बसल्या तशा.

बऱ्याच वेळाने भिंगरी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "दुखतंय गं आई. खूप दुखतंय."